तिथं ‘ड’ करू नका

पाटीलसाहेब पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते काही टाईप करून घ्यायला नाही. माझी पाटी चुकली होती ते सांगायला आले.

पनवेलला कोर्टासमोरच्या गल्लीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, जमिनीच्या हरकती, माणसाचं जे काही बिनसतं ते सगळं शेवटी माझ्याकडं टाईप व्हायला येतं. तर हे गृहस्थ उन्हात छत्री मिटून दारात उभे. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी सुरीसारखी. म्हणाले, “बाई, टायपिंगमधला पि ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ लिहिलाय.”

मी म्हटलं, “साहेब, गिऱ्हाईक पि बघून येत नाही, दर बघून येतं.”

“मी बघून आलो ना,” ते म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची त्यांनी आधी भिंतीला टेकवली, दाराकडं तोंड करून. मग पुढची कितीतरी वर्षं ती तशीच राहिली. दुसरं कुणी तिथं बसलं की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

पाटील म्हटलं तर महाराष्ट्रात काय, दगड मारावा तो पाटलालाच लागेल. सगळे धरून चालले की हे घाटावरचे, सातारा-सांगलीकडचे. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी बडोद्याला, वडाळे तलावाच्या मागं दोन खोल्यांचा फ्लॅट, एवढंच गल्लीला ठाऊक. कोणतं खातं विचारलं की म्हणायचे, “ऐकायचं.” लोकांना वाटायचं टेलिफोन खातं. ते तसं वाटू द्यायचे.

माझं माहेर शिरढोणच्या बाजूचं, आगरी. दुकानात मी शहरातलं बोलते, पण गावचं माणूस आलं की जीभ आपोआप घरी जाते. “काय र भाव, कवा आयलास?” असं सुरू झालं की कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज यायचा. गिऱ्हाईक गेलं की शिकवणी. “हाय नाही बाई, आहे. नाय नाही, नाही.” गावच्या बायका मला ‘बाय’ म्हणतात. आमच्यात बहिणीला, आपल्या बाईमाणसाला बायच म्हणतात, त्यात माया असते. ते मला कायम ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या मास्तरणीला म्हणावं तसं, दीर्घ ई स्वच्छ उच्चारून. एकदा तर माझ्या आत्तेबहिणीला त्यांनी तोंडावर सुधारलं. ती बिचारी ओशाळली. मी मात्र फणकारले, “साहेब, आमची भाषा काय तुमच्या अंगणात घाण करते का?”

ते शांतपणे म्हणाले, “भाषेवरून माणूस ओळखू येतो बाई. ओळखू येऊ नये.”

मला तेव्हा तो तोरा वाटला होता. तोरा नव्हता, त्यांना खरंच भीती वाटायची, हे मला कळायला फार उशीर झाला.

त्यांच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या. मोबाईल घरी स्टीलच्या डब्यात ठेवून यायचे, आणि डबा गव्हाच्या पिंपात. ज्या वाटेनं आले त्या वाटेनं परत जायचे नाहीत, मग भर उन्हात टपाल नाक्याला वळसा पडला तरी चालेल. जिन्यावर पाऊल वाजलं की वर न बघता सांगायचे, “कुलकर्णी वकील, आज बूट नवे आहेत.” माणसाचं बोलणं ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. एकदा एका भाडेकरूनं घरमालकाविरुद्ध तावातावानं काहीबाही सांगितलं, तो गेल्यावर हे म्हणाले, “दुसऱ्यांदा सांगताना त्यानं श्वास वेगळ्या जागी घेतला. पाठ केलेलं आहे.” आणि पुढं ते खोटंच निघालं. मला त्यांचं कौतुक वाटायचं, आणि आपण काही बोलताना श्वास कुठं घेतो याची धास्तीही वाटायची.

पण चोर एकदा तरी सापडतोच. एका दुपारी चहावाल्यानं उकळता चहा तसाच ओतला, साहेबांनी नादात घोट घेतला आणि त्यांच्या तोंडून निघालं, “जल्लं मेलं!”

मी टायपिंग थांबवलं. घाटावरचा माणूस जळलं म्हणेल. ‘जल्लं’ म्हणायला खाडीचं पाणी प्यावं लागतं.

“साहेब, कंच्या गावचं तुमी?” मी मुद्दामच विचारलं.

त्यांनी रुमालानं ओठ टिपले. “शब्द असतात बाई, येतात,” म्हणाले आणि छत्री घेऊन उठले. चार दिवस फिरकले नाहीत. आले तेव्हा मीही तो विषय काढला नाही. माणूस आपलंच गाव चोरून ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असणार, एवढं मला कळत होतं.

मग ते प्रकरण पेपरात आलं.

गुप्तवार्ता खात्यातलं एक बिननावाचं पथक होतं म्हणे. कुणाच्या परवानगीशिवाय लोकांचे फोन ऐकायचं, संशय आला की माणूस उचलायचं, अटक दाखवायची नाही, आणि आंब्याच्या बागेतल्या एका बंगल्यात नेऊन ठेवायचं. काही परत आले, काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्यापुढं कागदावर ‘फरार’ लिहिलेलं. त्या पथकाच्या जुन्या ड्रायव्हरनं मरणाच्या दारात तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. निवृत्त न्यायाधीशांकडं चौकशी सोपवली. उचललेली बरीचशी माणसं या भागातली म्हणून सुनावणी पनवेलच्याच विश्रामगृहात ठेवली.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी राहू लागली. काळ्या काचा, इंजिन चालू. कोर्टासमोर गाड्या काय कमी असतात? पण ही कुणाला सोडायला नव्हती आली, न्यायलाही नव्हती. एक दिवस त्यातले दोघं दुकानात आले. एकाच कागदाची एकच झेरॉक्स काढली. कागद कोरा होता.

“कोऱ्याची काय झेरॉक्स काढायची?” मी म्हटलं.

त्यातला एक हसला. “मशीन चालतं का बघायचं होतं, मॅडम.” मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाला, “साहेब बसतात ना इथं? तब्येत जपायला सांगा त्यांना.” पैसे देऊन, सुटे न घेता गेले. मी तो कोरा कागद फाडून टाकला. 

साहेबांना सांगितलं तर ते नुसतं म्हणाले, “दोघांतला बुटका डावा पाय ओढतो का?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेपर वाचू लागले. पेपर उलटा नव्हता, पण पान काही त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी यमुना आली. उरणजवळच्या करंजाची कोळीण, अंगानं काटक, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिला चौकशीपुढं द्यायचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकिलानं माझ्याकडं पाठवलं होतं. तिचा नवरा काशिनाथ, स्वतःची होडी असलेला मच्छीमार, ‘फरार’ माणसांतला एक. बोटीतून हत्यारं उतरवणार होता असा त्याच्यावर ठपका. हत्यारं कधी सापडली नाहीत, काशिनाथही नाही. साहेब कोपऱ्यात होते, नेहमीसारखे डोळे मिटून.

“मना पैसं नको, काय नको,” यमुना म्हणाली. “यो पलाला नाय, येवरा कोनीतरी बोलावा. माजी पोरगी लग्नाची झाली बाय. लोक इचारतात, बापूस कुठं? चोरटा बापूस, पलालेला बापूस. मी काय सांगू?”

मी म्हटलं, “झालं काय ते पहिल्यापासून सांग.”

“दिराचं लगीन व्हतं. दोन दिवस आदी यो जेट्टीवं गेला, जालं बघाया. तितनं कोनी गारीत घातला. आमी शोदतोय. आनि लगनाच्या आदल्या सांजंला बोट लागली, तिच्यातना घोरा उतरला. पांढरा. पोरां टाल्या पिटत व्हती. घोरा कोनी सांगितला तेच घरात कोनाला ठावं नाय. घोरेवाला बोलला, काशिनाथनी सांगितला, अलिबागकरना आनलाय. घोरा आयला बाय, यो नाय आयला. त्याची दोरी धरायला मानूस नव्हता जेट्टीवं.”

मला गलबलून आलं. पण हात आपला चालत होता, सवयीनं, ती बोलते ते शहरातल्या भाषेत करत. मी टाईप केलं: ‘सदर बोटीतून पांढरा घोडा उतरला.’

“बाई.” कोपऱ्यातून आवाज आला. साहेब उठून माझ्या पाठीशी येऊन उभे होते. पावलाचा आवाज नव्हता. स्क्रीनकडं बोट दाखवत म्हणाले, “तिथं ‘ड’ करू नका. त्यांनी घोरा म्हटलंय. घोराच लिहा.”

मी वळून बघितलं. आयुष्यभर हायला आहे करणारा हा माणूस. चेहरा राखेसारखा झाला होता. यमुना त्यांच्याकडं बघत होती, तिला काही उमगलं नव्हतं. मी घोरा केलं. ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले आणि ती जाईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

ती गेल्यावर मी दुकानाचं दार ओढून घेतलं. “बोला आता,” म्हटलं.

ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते उरणच्या खाडीकाठचेच. मिठागरावर आईबाप राबलेले. खात्यात लागले तेव्हा वर्षभर त्यांच्या हाय-नायची टिंगल झाली, साहेब लोक जेवताना त्यांच्याकडून मुद्दाम गावचं बोलवून घ्यायचे आणि हसायचे. मग त्यांनी स्वतःला घासूनपुसून घेतलं. आणि गंमत बघा, त्यांना कानाला यंत्र लावून बसवलं ते किनाऱ्याची बोली कळते म्हणूनच. ऐकायचं गावचं, लिहायचं शुद्ध. वरच्यांना वाचता आलं पाहिजे, मोजकं पाहिजे, पाल्हाळ नको.

“काशिनाथचा फोन मी ऐकला,” ते म्हणाले. “त्याला भावासाठी लग्नात घोडा हवा होता. पलीकडून मच्छीच्या बोटीतून आणायचा होता, गुपचूप. बोटीत जनावर घालू देत नाहीत ना, म्हणून बंदरावर कुणी नसताना उतरव, म्हणाला. मी शुद्ध केलं. घोऱ्याचा घोडा केला. बाकीचं गावठी गुऱ्हाळ म्हणून गाळलं.”

पोलिसांच्या आणि गुंडांच्या बोलीत घोडा म्हणजे पिस्तूल, हे आता सिनेमा बघणाऱ्या पोरालाही माहीत आहे. करंजाच्या कोळ्याचा घोरा मात्र चार पायांचाच असतो.

“वरच्या साहेबांनी वाचलं, डोळे चमकले. मला म्हणाले, घोडाच म्हणाला ना, पाटील? नक्की?”

“मग?”

“मी म्हटलं, हो सर.”

“तुम्हाला कळलं होतं? तेव्हा?”

“कळलं होतं. पण लग्नाचा घोडा आहे सर, आमच्याकडं बोटीतून आणतात, असं सांगितलं असतं तर खोली हसली असती. ‘आमच्याकडं’ हा शब्द मला तोंडातून काढायचा नव्हता.” त्यांनी बंद दाराकडं बघितलं. “मला आवाज ओळखायला जेट्टीवर नेलं होतं. मी गाडीतून बोट दाखवलं.”

मी काही आवाज चढवला नाही. पण त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. चहावाला दोन कप ठेवून गेला, मी त्यांचा मोरीत ओतला, त्यांच्या देखत. मला त्यांचा राग आला होता, किळसही आली होती. हसं होऊ नये म्हणून माणसानं माणूस द्यावा? मी विचारलं, “मेला का तो?”

“बंगल्यात मी कधी गेलो नाही,” ते म्हणाले. मग मोरीकडं बघत, “हो.”

मी म्हटलं, “चौकशीत सांगा.” ते म्हणाले, “मुलगी आहे बडोद्याला. तिला दोन मुलं आहेत. त्यांच्या शाळेच्या बाहेरही एक पांढरी गाडी असते.” एवढं सांगून ते गेले. मला वाटलं, हा माणूस आता येत नाही. गेला बडोद्याला, किंवा घेतलं तोंड शिवून. यमुनेचं काय व्हायचं ते होईल.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. कागदाची एक पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि सोडली. आत चणे होते.

“घराच्या दारात ठेवलेली होती,” म्हणाले. “पायपुसण्यावर.”

मला समजेना. चण्यात भिण्यासारखं काय?

“काशिनाथ फोनवर शेवटी म्हणाला होता, घोड्याला चणे चारून आण, नाहीतर बोटीत बुजेल. मी ते लिहिलंच नव्हतं, बाई. माझ्या कागदात चणे कुठंच नाहीत. मी कुणाला बोललोही नाही.” त्यांनी एक चणा उचलला आणि परत ठेवला. “म्हणजे त्यांनी टेप ऐकली होती. माणूस हातचा गेल्यावर असेल, पण ऐकली. पिस्तुलाला कोणी चणे चारत नाही. त्यांना माहीत होतं, तरी फरार लिहिलं. मला भिववायला गेले आणि स्वतःच सांगून बसले.”

“म्हणून तुमचं कमी होतं का?” मी म्हटलं. माझा राग काही गेला नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “पण टेप आता जाळली असेल. ते बोलणं ऐकलेला, आणि सांगू शकणारा, मी एकटाच.”

त्या दिवशी मी चहा मागवला. त्यांनी फुंकून फुंकून प्यायला.

विश्रामगृहाच्या त्या खोलीत पंखे होते पण वारा नव्हता. मी यमुनेबरोबर मागं बसले. पाय ओढणारा बुटका दाराशी उभा होता, मला ओळखून हसला. साहेबांचं नाव पुकारलं. त्यांनी आपलं म्हणणं स्वच्छ शुद्ध भाषेत सांगितलं, नोकरी, पथक, ऐकण्याचं काम, घोडा, हो सर, बोट दाखवलं ते, दारातली पुडी. काही झाकलं नाही. यमुना ते ऐकताना हलली नाही. तिची बोटं फक्त माझ्या मनगटावर होती, आणि ती इतकी घट्ट होती की नंतर वळ उठले.

पथकाच्या वकिलानं विचारलं, “इतक्या वर्षांनंतर फोनवरचे शब्द तुम्हाला आठवतात, यावर विश्वास का ठेवावा?”

साहेबांनी डोळे मिटले. आणि त्यांच्या गळ्यातून दुसराच माणूस बोलायला लागला. जाडा, हसरा, वाऱ्यात ओरडून बोलायची सवय असलेला.

“आरं, घोरा पांढराच आन. तपकिरी नको. माजा भाव काला हाय, पांढऱ्यावं बसला का उठून दिसंल. बोटीतनाच आन, रस्त्यानी लय उशीर लागतं. बंदरावं कोन नसंल तवा उतरव. आनि कोनाला बोलू नको हां. यमूलापन नाय. तिचं तोंड मना बघाचंय, घोरा उतरंल तवा. आन त्याला चनं चारून आन, नायतं बोटीत बुजंल.”

 यमुनेनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग तो काढून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “त्योच हाय. त्योच बोलतंय.”

न्यायाधीशांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, जसंच्या तसं लिहा, एकही अक्षर बदलू नका.

काशिनाथच्या नावापुढचा ‘फरार’ पुढं काढला. अजून बंगल्याच्या बागेत खणायचं आहे, त्याच्या तारखा पडताहेत. यमुनेच्या पोरीचं साखरपुड्याचं चाललंय. साहेबांच्या फ्लॅटला मात्र त्या दिवसापासून कुलूप आहे. मुलगी बडोद्याहून दोनदा येऊन गेली, तिलाही काही कळलेलं नाही. स्टीलचा डबा तिला पिंपात सापडला, मोबाईल आत होता. मी दोन वेळा तक्रार टाईप करून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. माझ्या दुकानातली खुर्ची भिंतीला तशीच टेकवलेली आहे.

सुनावणी संपल्यावर आम्ही सगळे फाटकाशी आलो होतो. यमुना पुढं होऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं ही थोबाडीत मारते की काय, आणि मारली असती तरी मी मध्ये पडले नसते. तिनं मारलं नाही. माफही केलं नाही. नुसतं विचारलं, “हसत व्हता ना बोलताना?” साहेब म्हणाले, “हसत व्हता.”

ती रिक्षात बसून गेली. फाटकाच्या पलीकडं पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू. साहेबांनी ती बघितली. मी म्हटलं, “माझ्याबरोबर दुकानात चला, मागच्या वाटेनं.” त्यांनी छत्री उघडली. ते त्या दिवशी वळसा घालणार नव्हते, आल्या वाटेनंच निघाले होते. दोन पावलं गेल्यावर वळले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “येतंव, बाय.”

शेजारी उभ्या असलेल्या कुलकर्णी वकिलांना वाटलं, साहेब इंग्रजीत बोलले. त्यांनीही हात वर करून ‘बाय, बाय’ केलं.